लागलं तर हात वर

वस्तीवरून, ता. २३ जून २०२५

चि. शिवकन्या हिला मायचे पोटभर आशीर्वाद.

मेंढरांभोवतीच्या वाघुरीची जाळी मेखेवरून काढली, मेंढरं बाहेर घेतली, लेंड्या झाडून पाटीत भरल्या. तोवर तू डालग्याखालची कोकरं काढून ज्याची त्याला लावून दिली होतीस. एकाला त्याची आई जवळ येऊ देईना, त्याला तू बाटलीनं शेळीचं दूध पाजलंस. मी चुलीपाशी बसले. आजीनं साखर कमी आहे म्हणून चहाचा कप परत पाठवला. तू होस्टेलला गेलीस त्या दिवसाची ही सकाळ. ध्यानात ठेवावं असं तिच्यात काही नव्हतं, तरी रोज तीच आठवते. आणखी एक आठवतं. पिशवी खांद्याला लावून तू निघालीस, आणि वाटेतून परत फिरून वाघुरीची गाठ तपासलीस. दोनदा ओढून बघितलीस. आत एकही मेंढरू नव्हतं. मी बघितलं.

फोनवर बोलणं होतं, पण ते काही बोलणं नव्हे. फोन अंगदभाऊजींचा, आवाज मोठा करून मधोमध ठेवलेला. आजी विचारते जेवलीस का, तू हो म्हणतेस, तेवढ्यात तुमच्या मॅडम पुढच्या मुलीला बोलावतात. म्हणून पत्र लिहिते. तुझ्या पहिलीच्या पाटीवर तुझ्याबरोबर शिकलेली अक्षरं आहेत, वाकडी असली तरी वाचता येतील.

पोरगी कोणता खेळ खेळते असं लोक विचारतात. मी तलवारबाजी सांगते, आणि पुढं काय सांगावं ते मला येत नाही. अंगदभाऊजींनी विचारलं, तलवारीला धार असते का. मी नाही म्हणाले, तर म्हणतात मंग तिनं कांदा तरी चिरतो का. आजीला तू पाठवलेला फोटो दाखवला. तोंडावरची ती जाळी बघून तिनं विचारलं की पोरीला चाळणी कशाला घातली. मीही हसले, पण शिवू, खरं सांगते, मला तो खेळ बघवला नाही. दोन पोरी एकमेकींना टोचतात आणि टोचणारीला मार्क. यात शिकण्यासारखं काय आहे?

घनसावंगीच्या शाळेतल्या सरांनी तुझे लांब हात आणि चपळ पाय बघून तुला निवडलं, म्हणून मी पाठवलं. तुझे अण्णा जाऊन अडीच वर्षं झाली. तेव्हापासून तू या वस्तीवर हसलेली मला आठवत नाही. बाहेर गेली तर हसेल, एवढाच माझा विचार होता. पण फोनवर तुझा आवाज तसाच आहे. तुला तिथं ठेवू की परत आणू, ते मला कळेना. काय ते सविस्तर लिही.

तुझ्या अक्षराची वाट बघणारी,
माय

॰

जालना, ता. ६ जुलै २०२५

माझ्या मायला शिवूचा वाकून नमस्कार.

शाळेत मॅडमनी पत्रलेखन शिकवलं. वडील वारलेले असले तर आईच्या नावामागं गं. भा. लिहायचं म्हणाल्या. मी नाही लिहिलं. मार्क गेला तर जाऊ दे.

तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं. अक्षर वाकडं नाही. माझ्या खोलीतली अर्पिता भोकरदनची आहे, तिनं विचारलं की तुझी आई शिक्षिका आहे का. मी हो म्हणाले असते, पण मग तिनं कोणत्या शाळेत ते विचारलं असतं.

आता खेळाचं सांगते. लांब पट्टी असते, चौदा मीटर. दोघी समोरासमोर. तलवारीला धार नाही, टोकाला बटण असतं. ते अंगावर दाबलं गेलं की लागलं. आमच्या प्रकारात डोक्यापासून पायापर्यंत कुठंही लागलेलं चालतं, जिचं आधी लागलं तिला मार्क. दोघींचं एकदमच लागलं तर दोघींना. सुरू करायच्या आधी एकमेकींना सलाम करायचा आणि संपल्यावर मोकळ्या हातानं हात मिळवायचा. सलाम केला नाही तर जिंकलेलं जातं.

स्पर्धेत वायर लावतात आणि लागलं की दिवा पेटतो. आमच्याकडं यंत्र एकच आहे आणि ते बहुतेक बिघडलेलंच असतं. म्हणून सरावात यंत्र नाही. सरावाचा नियम असा की जिला लागलं तिनंच मोकळा हात वर करायचा. कल्याण सर म्हणतात की पंचाचे डोळे चुकतात, पण ज्याच्या अंगाला लागलं त्याला पक्कं माहीत असतं. खोटं बोलून पाच मार्क मिळवले तर ते पाच मार्क तुझ्याबरोबर जेवायला बसतील, असंही म्हणतात. सरांना असं बोलायची सवय आहे.

आम्ही बाराजणी आहोत. बारा ऑक्टोबरला निवड आहे. आठजणी राहणार आणि चारजणी घरी जाणार. माझा नंबर सध्या बारावा.

माय, मी घरी आले तर तू रागावशील का? खरं तर मला इथं शोभत नाही. मेंढरांमागं मीच असायला पाहिजे. तुला कारण माहीत आहे.

नियमांचं मराठी पुस्तक सोबत पाठवते. सरांकडं दोन होती, एक मागून घेतलं. तू वाचतेस म्हणाल्यावर ते जरा बघतच राहिले.

आजीला सांग, चाळणीतून सगळं नीट दिसतं.

तुझीच,
शिवू

॰

वस्तीवरून, ता. २ ऑगस्ट २०२५

चि. शिवूला मायकडून आशीर्वाद आणि एक पापा.

उशीर झाला त्याचं कारण तुझं पुस्तक. दुपारी मेंढरं बाभळीखाली बसली की मी ते काढते. पहिली दहा पानं काही समजलं नाही. मग म्हटलं, नुसतं वाचून होणार नाही. राखेनं अंगणात पट्टी आखली, चौदा मीटर म्हणजे माझी वीस पावलं धरली. मध्ये रेघ, दोन्हीकडं उभं राहायच्या रेघा. मी काठी घेऊन एका बाजूला उभी राहिले, आणि दुसऱ्या बाजूला आपला एडका येऊन उभा राहिला. त्याला सलाम माहीत नाही. शेजारच्या उषाबाईंनी ते बघितलं आणि हलक्या आवाजात विचारलं, गोपिकाबाई, बरं आहे ना? मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. आता त्या पाणी भरायला आल्या की विचारतात, पोरगी कितव्या नंबरवर आली.

पण शिवू, पट्टीवर उभं राहिल्यावर मला एक गोष्ट कळली. पुस्तकात अंतर, अंतर असं पानापानावर लिहिलंय. मी वाचून कंटाळले होते. आणि मग लक्षात आलं की हे तर मला येतं.

लग्न होऊन आले तेव्हा तुझ्या अण्णांनी मला पहिलं काही शिकवलं असेल तर ते लांडग्याचं. माळावर लांडगा आला तर पळायचं नाही. ओरडत त्याच्या अंगावरही जायचं नाही, तो बाजूनं निघतो आणि मागचं मेंढरू उचलतो. त्याच्याकडं बघत दोन पावलं मागं सरायचं. त्याला वाटतं माणूस भ्यालं. मग तो पुढं येतो. त्याचा पुढचा पाय उचललेला असतो, अजून जमिनीला टेकलेला नसतो, तेवढ्यात काठी घालायची. त्या वेळेला त्याला ना पुढं येता येतं ना मागं फिरता येतं. अण्णा म्हणायचे, काठी लांब असून उपयोग नाही, पाय बघता आला पाहिजे.

तू टोक बघत असशील. टोक बघू नको, तिचा पाय बघ.

मला आता हा खेळ टोचाटोचीचा वाटत नाही. दोघी एकमेकींना जवळ येऊ देत नाहीत आणि लांबही जाऊ देत नाहीत, असा तो खेळ आहे. आणि तू लिहिलेला तो हात वर करायचा नियम मला फार आवडला. इतका आवडला की त्या दिवशी पुढं वाचवलं नाही, पुस्तक मिटून ठेवलं.

कारण माहीत आहे असं तू लिहिलंस. त्यावर मी आत्ता काही लिहीत नाही. मेंढरांचं मी बघते, लोकर कातरून झाली, दोन गाभण आहेत. घरी यायचं नाव काढू नको.

तुझ्या नंबराची चौकशी करणारी,
माय

॰

जालना, ता. २४ ऑगस्ट २०२५

माझ्या मायला नमस्कार, उषाकाकूंना पण सांग.

मी अर्पिताला हरवलं. पाच-तीन. ती पहिल्या नंबरची आहे. मी नुसती मागं सरत राहिले. तिला वाटलं मी भ्याले, तिचा पाय उचलला, आणि मी हात लांब केला. तिसऱ्यांदा तसं झाल्यावर सरांनी थांबवलं आणि विचारलं, हे कुणी शिकवलं. मी सांगितलं, माझ्या मायनं, लांडग्यासाठी. सगळ्या हसल्या. सर हसले नाहीत. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. अर्पिता दोन दिवस मला विचारत होती की लांडगा तीच का.

पण माय, त्यानंतर मी सगळ्यांशी हरले. सर माझ्यावर चिडलेत. हरते म्हणून नाही. ते म्हणतात, लागलेलं नसतानाही मी हात वर करते. सरांनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला खरं वाटलं नाही. मग अर्पितापण म्हणाली की काल तिचं टोक माझ्यापासून वीतभर लांब होतं, तरी माझा हात वर गेला. तिनं तो मार्क घेतला नाही. दुसऱ्या घेतात.

मी लबाडी करत नाही गं. मला खरंच कळत नाही. समोरची जोरात म्हणाली की लागलं, आणि सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, की मला वाटतं लागलंच असेल. माझंच कुठंतरी चुकलं असेल. तोवर हात गेलेला असतो.

सर म्हणाले की पाय सुधारता येतात, पण जिला आपल्या अंगाचं खरं-खोटं कळत नाही तिला कोणी काय शिकवायचं. असंच राहिलं तर ऑक्टोबरमध्ये माझं नाव घरी जाणाऱ्यांत जाईल. चौदा सप्टेंबरला रविवारी पालकांना सराव बघायला बोलावलंय. तू ये. काकांना नको आणू, ते कांदा काढतील.

आणि आले घरी तर बरंच होईल. अण्णांची मेंढरं आहेत. त्या दिवशी ती ज्याच्यामुळं सुटली त्यानंच सांभाळावीत.

तुझी,
शिवू

॰

वस्तीवरून, ता. १६ सप्टेंबर २०२५

चि. शिवकन्या हिला आशीर्वाद. हे पत्र एकटी असताना वाच.

परवा तुला भेटून आले. भाकरी आणि ठेचा तुम्ही दोघींनी संपवला, अर्पितानं बोटं चाटली, ते बघून बरं वाटलं. मी जास्त बोलले नाही म्हणून तू बसपर्यंत येताना दोनदा विचारलंस की माय, खेळ आवडला नाही का. आवडला. बसायला पायरी दिली होती, तिथून मला सगळं दिसलं. आधी नुसता पायांचा आवाज ऐकू येत होता, मग हळूहळू एकेक पाऊल वेगळं दिसायला लागलं. कोण कुणाला ओढून आणतंय ते कळायला लागलं. एकदा तर तू मागं सरलीस आणि मी पायरीवर बसल्या जागी मागं सरले. शेजारच्या बाई हसल्या.

पुस्तकात लिहिलंय की टोक खरं लागलं की पातं वाकतं. मी म्हणून पात्याकडं बघत होते. त्या उंच पोरीबरोबर तुझे पाच मार्क गेले. दोनदा पातं वाकलं. तीनदा वाकलं नाही, शिवू. एकदा तर तुझ्या बाहीचं कापड नुसतं हललं. ती ओरडली, आणि तुझा डावा हात वर गेला. मान खाली घालून हात वर. तसं तुला मी याआधी एकदाच बघितलंय.

निघताना सरांनी विचारलं, काय वाटलं. मी म्हणाले, तीन वेळा पातं वाकलं नव्हतं. सर म्हणाले की ताई, मीही तीनच मोजले. तिच्या अशा वागण्याचं कारण तुम्हाला माहीत आहे का, असंही विचारलं. मी नाही म्हणाले. ते मी खोटं बोलले. आता खरं लिहिते.

अण्णा गेले त्या सकाळी वाघुरीची गाठ तू मारली होतीस. दोन फेरे देऊन, ओढून बघून. मी चुलीपासून बघितलं होतं. मग तू हंडा घेऊन पाण्याला गेलीस. तू गेल्यावर आत एक कोकरू ओरडायला लागलं, त्याला आई पाजत नव्हती. मी गेले, गाठ सोडली, कोकरू काढलं. एका हातात कोकरू होतं. एका हातानं गाठ मारता येत नाही. मी जाळीचा फास नुसता मेखेवर अडकवला. म्हटलं कोकरू शेळीला लावते आणि लगेच येऊन बांधते. तेवढ्यात चुलीवर दूध वर आलं, आजीनं हाक मारली, आणि ते राहून गेलं.

पुढचं तुला माहीत आहे. मेंढरं जाळीला रेटून बाहेर पडली, शेजारच्या शेततळ्यावर गेली. काठावर हिरवं होतं. दोन मेंढ्या आत घसरल्या. अण्णा त्यांना काढायला उतरले. मेंढ्या निघाल्या. त्या तळ्याला खाली प्लास्टिकचा कागद, त्याच्यावर पाय ठरत नाही. आम्ही दोर घेऊन गेलो तोवर उशीर झाला होता.

तिसऱ्या दिवशी सगळे बसले होते. आजीनं विचारलं, त्या दिवशी वाघूर बांधली कुणी. तू म्हणालीस, मी. आजी म्हणाली, मग सैल राहिली असेल. सगळ्यांनी तुझ्याकडं बघितलं. तू तेरा वर्षांची होतीस. तू माझ्याकडं बघितलंस. मी खाली बघितलं. मग तू मान खाली घालून म्हणालीस, माझीच चूक झाली.

मी तेव्हा का बोलले नाही, ते अडीच वर्षं स्वतःला विचारते. त्या दिवशी तोंडच उघडलं नाही हे खरं. पण नंतर उघडलं असतं. नवरा गेला, आता घरही माझ्याकडं तसं बघेल, ही भीती होती. पोर लहान आहे, विसरेल, असं मनाला सांगितलं. तू विसरली नाहीस. तू गाठी तपासत राहिलीस.

तुला लागलं नव्हतं, शिवू. तिथं हात माझा वर व्हायला पाहिजे होता.

यापुढं तू मला काय म्हणशील ते म्हण. मी ऐकेन. पण बारा तारखेला पातं वाकलं नाही तर हात वर करू नको. कुणीही ओरडू दे.

माया ठेव असं मागायचा हक्क नाही, तरी मागते.
माय

॰

जालना, ता. १३ ऑक्टोबर २०२५

माय,

तीन रविवार मी फोनला आले नाही. मॅडमना सांगायचे की पोट दुखतंय. तुझं पत्र मी गादीखाली ठेवलंय. अर्पिताला वाटतं की घरी कुणीतरी आजारी आहे.

दोन फेरे दिल्याचं मला आठवत होतं. हाताला आठवत होतं. पण सगळे म्हणाले म्हणून मला वाटलं की माझा हातच खोटा बोलतो. अडीच वर्षं मी तो दोर मनात बांधून बघते. झोपताना बांधते. कधी सुटतो, कधी सुटत नाही. तू तिथंच शेजारी झोपलेली असायचीस.

मी खूप रागावले आहे. हे लिहायला मला आठ दिवस लागले, तेव्हा तू ते वाच.

काल निवड झाली. आठव्या जागेसाठी माझा आणि त्या उंच पोरीचा सामना होता. चार-चार झाले. ती पुढं आली, मी मागं सरले, तिचं टोक माझ्या कोपराजवळून गेलं. ती ओरडली की लागलं. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी नुसती उभी राहिले. हात खालीच ठेवला. सर म्हणाले, चालू करा.

पुढच्या वेळी तिचं टोक माझ्या बुटावर लागलं. तिला स्वतःला कळलं नाही. सरांनाही दिसलं नाही, ते वरती बघत होते. मला कळलं. बोटावर बराबर दाबलं गेलं होतं. मी हात वर केला. पाच-चार, मी हरले.

नंतर यादी लागली. आठवं नाव तिचं. खाली सरांनी पेनानं नववी ओळ लिहिली, त्यात माझं नाव. तिमाहीपुरतं आहे, जानेवारीत पुन्हा बघणार. मी विचारायला गेले तर म्हणाले, कोपराला लागलं नव्हतं आणि बुटाला लागलं होतं, एवढं जिला कळतं तिला मी घरी कसं पाठवू.

दिवाळीला सुट्टी आहे, सगळ्या जातात. मी यायचं की नाही ते ठरवलं नाही. तू मला सांगितलंस, पण माझ्या हाताला ते आधीच माहीत होतं. आजीला माहीत नाही. काकांना नाही. माझं नाव त्यांच्यापुढं घेतलं गेलं होतं.

शिवकन्या

॰

वस्तीवरून, ता. १७ ऑक्टोबर २०२५

चि. शिवकन्या हिला आशीर्वाद.

तुझं पत्र आज पोस्टमन बुद्धभूषणनं हातात दिलं. उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं. तू रागावलीस ते बराबर आहे. राग लिहिलास याचं मला बरं वाटलं, आधी तू तो पण स्वतःकडंच ठेवायचीस.

नववी ओळ ऐकून उषाबाईंनी मला साखर आणून दिली. बुटाचं मी त्यांना दोनदा सांगितलं. हरून राहता येतं असा खेळ त्यांनी ऐकला नव्हता. मीही नाही.

आज दिवसभर दोनदा तोंडाशी आलं. आजी पाय चेपून घेत होती तेव्हा एकदा, आणि अंगदभाऊजी जेवत होते तेव्हा एकदा. दोन्ही वेळा मी दुसरंच बोलले. एकदा तर मिठाचं बोलले. भीती कशाची वाटते ते लिहू का? म्हातारीला तुझ्या सैल गाठीची एकच गोष्ट इतकी वर्षं धरून बसता आली. ती मी काढून घेणार, आणि तिच्या हातात माझं नाव देणार. मग या अंगणात मला रोज तिच्यासमोर चहा ठेवायचा आहे. पण तू तेरा वर्षांची असताना या अंगणात वावरलीसच की.

हे पत्र पाकिटात घालते, पण चिकटवत नाही. तुमच्या सरावात बघितलं, हात वर करायला वेळ लावला की सर खेळ पुढं चालू करतात. मला फार वेळ लागला.

ये असं म्हणत नाही. तुझी गादी उन्हात टाकली आहे.

वाट बघायची सवय असलेली,
माय

ता. क. १८ ऑक्टोबर. सकाळी आजी उन्हात बसली होती आणि अंगदभाऊजी दुधाला आले होते. मी वाघुरीच्या मेखेपाशी उभी राहिले आणि हात वर केला. दोघं बघायला लागल्यावर म्हणाले, “गाठ शिवूनं मारली होती. सोडली मी.” सगळं सांगून झाल्यावर जाळी काढली आणि मेंढरं घेऊन माळाला गेले.